सांगून जाणाऱ्या मडमबाई

मुलाला चुकवून घराबाहेर पडणं मडमबाईंना अजिबात खपत नसे. आमच्या उमरग्यात बायांना बाजारात जायचं असलं की त्या मूल खेळात रमायची वाट बघत आणि मागच्या दारानं हळूच सटकत. मडमबाई मात्र आपल्या दोन वर्षांच्या लेकीसमोर, रुतूसमोर, उकिडव्या बसायच्या, तिचे दोन्ही हात धरायच्या आणि आपण कुठं चाललो, कधी परत येणार, हे तिला त्यांच्या भाषेत नीट सांगायच्या. रुतू भोकाड पसरायची. ते ऐकत ऐकत बाई जिना उतरून जायच्या. माझी आई म्हणायची, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "खरं ऐकून रडलेलं लेकरू लवकर गप व्हतं. फसवलेलं लेकरू गप व्हत न्हाय, ते थकतं." आईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानंतर आमच्या गल्लीतल्या बायका निदान बाईंच्या देखत तरी मागच्या दारानं जाईनाशा झाल्या.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुंबईहून नवी नवी माणसं आमच्या भागात येऊ लागली होती. त्यातच हे जोडपं आलं. साहेब जमिनीला भोक पाडून पाणी काढायचं यंत्र घेऊन गावोगाव फिरत. आमचे अप्पा तहसीलीत कारकून होते. आमच्या माडीवरच्या दोन खोल्या त्यांनी साहेबांना भाड्यानं दिल्या. गोरा माणूस म्हणजे इंग्रज, एवढीच आमची समज. हायस्कुलातले एक मास्तर मुद्दाम इस्त्रीचा कोट घालून बाईंशी इंग्रजी बोलायला आले, तेव्हा कळलं की ही माणसं डेन्मार्क नावाच्या कुठल्याशा देशातली आहेत. मुलीचं नाव रूथ होतं. गल्लीनं तिची रुतू केली आणि बाईंनी ते नाव हसत मान्य केलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माहेरी येऊन राहिले होते. माझा नवरा एके सकाळी "बाजारात जाऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन निघाला आणि हैदराबादला निघून गेला. पुन्हा तोंड दाखवलं नाही. सासरी वाट बघून बघून शेवटी अप्पांनी मला घरी आणलं. गल्लीत माझ्यासमोर कुणी काही बोलत नसे आणि पाठ वळली की दुसरं काही बोलत नसे. अशात मडमबाई एक दिवस खाली आल्या आणि रुतूला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "शांता, हिची मराठी तुझी. माझी भाषा मी बघते." मला कुणी काहीतरी सोपवलं, हे कितीतरी दिवसांनी घडत होतं.

यात बाईंचा कायदा फार कडक होता. एका तोंडाला एकच भाषा. त्या स्वतः रुतूशी मराठीचा एक शब्द बोलत नसत आणि मला शिकायची हौस आली तरी त्यांच्या भाषेतला एक शब्द मला बोलू देत नसत. भाषांची खिचडी झाली की मूल दोन्हीकडून उपाशी राहतं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, एवढ्याशा पोरीला हे काय कळणार. पण तिला ते आमच्यापेक्षा बरं कळलं होतं. आम्ही दोघी समोर बसलो असलो की मांजर आलं हे ती आधी आईकडे तोंड करून त्यांच्या भाषेत सांगायची, मग मान वळवून मला, तिच्या मावशीला, मराठीत. मांजर तोवर निघून गेलेलं असायचं. भाजीवाली तिला कानडीत "इल्ली बा" म्हणून हाक मारायची आणि ही तुरुतुरु तिच्याकडे जायची, तेव्हा बाईंच्या कपाळाला आठ्या पडत. तिसरी भाषा त्यांच्या हिशेबात नव्हती.

एकदा रुतूनं दूध सांडवणाऱ्या मांजराला "मुडद्या, हो तिकडं" असं ठणकावून सांगितलं. बाईंनी अप्पांना अर्थ विचारला. अप्पा उर्दूत शिकलेले, अदबशीर माणूस. ते बराच वेळ टोपी काढत आणि घालत बसले. शेवटी म्हणाले की हा शब्द जरा घरगुती आहे. बाईंना तो इतका आवडला की त्या पुढं बंद पडलेल्या स्टोव्हलाही तोच लावू लागल्या.

बाईंची स्वतःची मराठी पाणी भरणाऱ्या बाईकडून आणि आमच्या अंगणातून उचललेली होती. तीच घेऊन त्या सगळीकडे बेधडक वावरत. साहेबांचा कसला तरी परवाना अडला होता, तेव्हा त्या तहसीलदारांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी माणूस चांगले हाव, पर काम लई हळू करता." अप्पा त्याच खोलीत मान खाली घालून बसले होते. नोकरी आज जाणार असं त्यांना वाटलं. तहसीलदार मोठ्यानं हसले आणि परवाना त्याच दिवशी मिळाला. आमच्याकडच्या बाईनं असं बोलून बघावं.

त्या पावसाळ्यात रुतूला ताप आला आणि उतरेना. साहेब यंत्राबरोबर लांब गेलेले. बाई आणि मी आळीपाळीनं तिच्या उशाशी बसत होतो. मी मनातल्या मनात अणदूरच्या खंडोबाला बोलले की पोर उठून बसू दे, मी येऊन भंडारा-खोबरं उधळीन. ताप उतरला. मी नवसाचं सांगितलं तेव्हा बाई औषधाच्या बाटलीकडे बघून हसल्या, पण थट्टा केली नाही. मग त्यांनी मला सरळ विचारलं की तुझा नवरा कुठं आहे. उमरग्यात हे मला तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. बाजाराची पिशवीसुद्धा सांगितली. गेला त्याचं दुःख होतंच, पण मला उंबऱ्यावर उभं करून, हसून, खोटं सांगून गेला, हे मला आत आत कुरतडत होतं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले, रुतूचे धरायच्या तसे. म्हणाल्या, "आमी जाऊ तवा तुला आधी सांगू. रुतूला बी सांगू. मग दोघी मिळून रडा." त्या एका बोलण्यावर मी बाईंना जीव लावला. त्या कधीतरी जाणार हे मला ठाऊक होतं आणि त्याची भीती वाटेनाशी झाली, कारण ही बाई सांगून जाणार होती.

दसरा झाला आणि बाई रुतूला दुपारी वर बोलावून घेऊ लागल्या. तिला झोप हवी, म्हणत. मग सकाळचंही खाली येणं कमी झालं. कधी ती माझ्यासाठी रडतेय हे मला जिन्यातून ऐकू यायचं आणि वरून बाई त्यांच्या भाषेत काहीतरी समजावत असायच्या. तापानं पोर अशक्त झाली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाळाला अंगावरून तोडतात तसं बाई तिला माझ्यापासून तोडत होत्या, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कार्तिकातल्या एका शनिवारी बाई आपण होऊन म्हणाल्या, "शांता, तुझा नवस ऱ्हायलाय. उद्या रविवार हाय, देवाचा वार. आईला घेऊन जा. रातीला तिथंच ऱ्हावा, घाई करू नका." देव न मानणाऱ्या बाईला माझा नवस आठवला, याचं मला केवढं कौतुक वाटलं. रविवारी सकाळी बाईंचाच कायदा पाळून मी रुतूसमोर उकिडवी बसले. तिचे हात धरून तिला सांगितलं की मी अणदूरला देवाला जाते, उद्या येते, तुला खोबरं आणते. ती थोडं रडली. बाई जिन्यात उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत.

अणदूरच्या देवळात मी भंडारा उधळला आणि वळून बघते तर आईचे डोळे भरलेले. मी म्हटलं, भंडारा गेला असेल डोळ्यात. ती हो म्हणाली.

सोमवारी दुपारी परत आलो. माडीच्या खोल्या झाडून ठेवल्या होत्या. कोपऱ्यात माझ्यासाठी एक लोकरीची शाल घडी करून ठेवलेली होती. अप्पा त्या दिवशी कचेरीत गेले नव्हते. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "त्यांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तुला सांगू नका म्हणाल्या. तुला झेपलं नसतं, पोरी."

"आईला ठाऊक होतं?"

आई चुलीपाशी गेली आणि नसलेला जाळ फुंकत बसली. पाणी भरणारीला ठाऊक होतं, भाजीवालीला ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीनं मला मागच्या दारानं सोडलं होतं. ती शाल मी त्याच संध्याकाळी पाणी भरणारीला देऊन टाकली. अप्पांशी महिनाभर बोलले नाही. आईशी बोलले, कारण एका चुलीवर न बोलता निभत नाही.

साहेबांच्या जीपचा हुसेन ड्रायव्हर उमरग्याचाच होता. तो त्यांना सोलापूरला आगगाडीवर सोडून परत आला आणि काही दिवसांनी मला बघून ओट्यापाशी थांबला. सांगावं की नाही असं त्याला झालं होतं. मी म्हटलं, आता काय राहिलंय, सांगा. सोलापूरचा रस्ता अणदूरवरूनच जातो. माझ्या नवसाचा रविवार, दुपारची वेळ. मी तेव्हा देवळात होते.

"अणदूर आलं आन् माझ्या तोंडून गावाचं नाव निघून गेलं," हुसेन म्हणाला. "पोरगी उठून हुबी ऱ्हायली. मावशी हितं हाय, गाडी थांबीव म्हणाया लागली. म्या ब्रेकवर पाय ठिवला, शांताबाई. तवा मडमबाई तिच्यासंगं मराठीत बोलल्या. म्या पैल्यांदाच ऐकलं. म्हणाल्या, मावशी सकाळी गेली. तुला सांगून गेली ना. पोरगी म्हणाली, उद्या येते म्हणली मावशी. मडमबाई म्हणाल्या, व्हय, म्हणली. आन् मला म्हणाल्या, चला."

पुढं मी शिकले, बालवाडीची बाई झाले. उमरग्यातली किती तरी मुलं माझ्या हाताखालून गेली. मुलाला वर्गात सोडताना सांगून जा, चुकवून जाऊ नका, असं मी प्रत्येक आईला बजावत आले. मुलं रडतात आणि खरंच लवकर गप्प होतात. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. ते माझ्या हाडीमासी खिळलंय आणि त्याचाही मला राग येतो.

बाई रुतूशी खोटं बोलल्या नाहीत, हे मला मान्य करावंच लागतं. त्यांनी आपला खरं सांगायचा कायदा शेवटपर्यंत पाळला, भाषेचा तेवढा मोडला. मावशी गेली हेही खरं, सांगून गेली हेही खरं. खोटं ठरलं ते फक्त "उद्या येते" एवढंच, आणि ते माझं होतं. तेवढ्यासाठी मला देवाला पाठवलं. रुतू आता कुठं असेल, तिला मराठी आठवत असेल की नाही, देव जाणे. नवऱ्याचं म्हणाल तर त्याचं मला आता काही वाटत नाही. त्यानं मला फसवलं, पण माझ्या तोंडानं दुसऱ्या कुणाला फसवलं नाही.