बाबांनी पिकअप चाखून बघितली

मंडळी, आज बाबांबरोबर जुनी पिकअप बघायला वैभववाडीला गेले होते. तोंडवलीच्या किनाऱ्यावरून आमची होडी ट्रेलरवर घालून घरी ओढून आणायला गाडी हवी होती. किनाऱ्यावरची जुनी गाडी खाऱ्या हवेने खालून गंजलेली असते, म्हणून आतली, घाटाच्या पायथ्याचीच घ्यायची, हा बाबांचा हट्ट.

गाडीमालक काजूवाले. म्हणाले, "काकानू, माझ्या गाडीन अजून समुद्र बघूक नाय."

बाबा सरळ गाडीखाली शिरले. पत्र्यावर बोट घासलं आणि चाटलं.

"खारट लागता. ही समुद्रार फिरलेली आसा."

मालकांचा चेहरा पडला. मी ओशाळले. मग तेही खाली वाकले आणि तिथेच बोट घासून चाटलं.

"माका नुसती धूळ लागता. काकानू, तुमचो दुसरो हात चाटून बघा."

बाबांनी चाटला. तोही खारट. पहाटे जाळं ओढून तसेच निघाले होते.

मालक हसत हसत खालीच बसले. गाडी आम्ही घेतली.

तुमच्याकडे जुनी गाडी कशी पारखतात? आमच्या बाबांनी तोंडवलीला पोचल्यावर ती पाण्याकडे तोंड करून उभी केली, बॉनेटवर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "बघ गो बाय, ह्यो समुद्र."