ग्रंथकर्ते आमचे आजोबा

आमच्या आजोबांनी वर्तमानपत्रांना धाडलेली तक्रारपत्रं सोडली तर आयुष्यात काहीही लिहिलं नाही. तरी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास पुस्तकं आहेत. ज्योतिष, होमिओपॅथी, बागकाम, बाळंतिणीचा आहार, शिवाय बालगीतांचा एक संग्रह. आजोबा पोस्टात होते.

हे मला कळलं ते आईमुळे. तिच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते. बारीक छपाई फार तर आणखी काही आठवडे वाचता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "मग आधी माझं पुस्तक आण."

आईने तिशीत कथांचं एक पुस्तक लिहिलं होतं. एकच. शाळेतली नोकरी, स्वयंपाक आणि आम्ही, यांतून उरलेल्या वेळात. तिच्या वाटणीच्या प्रती ओळखीच्यांनी वाचायला नेल्या, त्या नेल्याच. शेवटची प्रत आजोबांच्या कपाटात होती. ते गेल्यावर काकांनी ते अख्खं कपाट त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला देऊन टाकलं. आईला विचारलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती. ती लिहायला बसली की आजोबा बाहेरच्या खोलीतून आवाज देत, "सूनबाई, साहित्यसेवा आटोपली असेल तर चहा टाका."

मी बँकेतून निवृत्त झालेली. त्यामुळे संगणक म्हणजे माझ्या हातचा मळ, असा माझा समज. सूचीत पुस्तकाचं नाव टाकलं. ते पडलं एका साध्या शब्दाचं. कादंबऱ्या, नाटकं, दिवाळी अंक असं सगळं मिळून पानंच्या पानं आली. वर कोपऱ्यात 'प्रगत शोध' असं लिहिलेलं होतं. हे शब्द वाचूनच आपण मागासलेले आहोत असं वाटायला लागतं. आत चौकटी होत्या: ग्रंथनाम, ग्रंथकर्ता, विषय, प्रकाशनवर्ष. मधे 'आणि', 'किंवा', 'वगळून' यांतलं एक निवडायचं.

ग्रंथकर्त्याच्या चौकटीत आईचं नाव घातलं. एकही नोंद आढळली नाही. माहेरचं नाव घातलं. नाही. नुसती आद्याक्षरं घातली. नाही. आपण दिलेली माहिती तपासून पाहावी, असं यंत्र अगदी अदबीने सुचवत होतं. अशा अदबीने पुण्यात माणसाला दारातून परत पाठवतात. शेवटी चिडून मी ग्रंथकर्त्याची चौकट रिकामीच ठेवली आणि पुस्तकाचं नाव, वर्ष आणि विषयात 'लघुकथा' घातलं. एक नोंद आली. नाव बरोबर, प्रकाशनवर्ष बरोबर. ग्रंथकर्ता: आजोबा.

मी आधी मोठ्याने हसले. मग त्यांच्या नावावर टिचकी मारून बाकीची ग्रंथसंपदा पाहिली, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले. पुस्तक संदर्भ विभागात होतं, म्हणजे घरी नेता येणार नाही. नव्याने बांधणी करताना मूळ मुखपृष्ठ काढून टाकलेलं. आतल्या पहिल्या पानावर, बरोबर लेखिकेच्या नावावर, काकांनी छापून घेतलेली चिठ्ठी चिकटवलेली: कैलासवासी अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. आमच्याकडे पुस्तक देणाऱ्याला पुस्तकापेक्षा चिठ्ठी प्यारी असते. सूची तयार करायला कंत्राटदाराने बसवलेल्या माणसांनी पान उघडलं, दिसलं ते नाव टंकलं आणि पुढचं पुस्तक घेतलं. दोनशे वेळा.

"दुरुस्तीसाठी लेखकाचा अर्ज लागतो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"लेखिका घरी आहेत. उद्या अर्ज देतील."

"त्यांचा चालणार नाही. नोंदीत त्या लेखक नाहीत ना."

"नोंदीतले लेखक वारलेत हो."

"मग वारसाचं ना हरकत पत्र आणा."

कपाट देणारे काका, तेव्हा ग्रंथालयाच्या लेखी वारस म्हणजे काका. फोनवर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, वडिलांच्या नावावर एक पुस्तक राहिलं तर बिघडलं काय? वहिनींना आता या वयात नाव काय करायचंय?" मी फोन आपटला.

मी हे आईला सांगितलं. ती इस्त्रीची साडी नेसली आणि रिक्षा बोलाव म्हणाली.

वाचनकक्षात पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने चिठ्ठीवरून बोट फिरवलं, पाण्याची बाटली उघडली, रुमालाचं टोक भिजवलं आणि चिठ्ठीच्या कडा ओल्या करायला लागली. न घाई, न चोरी. शाळेत मुलांच्या वह्यांवरची नावाची लेबलं बदलताना करायची तसंच.

"अहो आजी! ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते!" ग्रंथपाल बाई धावत आल्या.

"असेल. गोष्टी माझ्या आहेत," आई म्हणाली आणि चिठ्ठी सोलून त्यांच्या हातावर ठेवली.

खाली तिचं नाव होतं, डिंकाने पिवळं पडलेलं. ते मोठ्या टायपात होतं म्हणून तिला वाचता आलं. मग तिने पान उलटलं. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीकडे तिरकं केलं. आम्हाला उशीर झाला होता. आतली अक्षरं तिला लागेनात.

तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "तुला यातली कुठली आवडते, ती वाचून दाखव."

ग्रंथालय, कंत्राटदार, काका, आजोबा, सगळ्यांना मी आठवडाभर तोंड भरून नावं ठेवली होती. आता मी अनुक्रमणिकेवरून नजर फिरवली. बारा कथा होत्या. त्यांतलं एकही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं.

आईने ओल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "बरं. पहिलीपासून घे."