नकोबाची बढती

पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये त्याला सगळे नकोबा म्हणत. तोंडावर नाही, पण पंपांच्या घरघरीत आपला आवाज बुडतोय अशा समजुतीत. त्याला ते ऐकू यायचं. चालू पंपाच्या बेअरिंगला पेचकसाचं टोक लावून, मूठ कानाशी धरून आत काय बिघडतंय हे ओळखणारा माणूस तो. भिंतीपलीकडची कुजबुज त्याच्यापासून काय लपणार?

नाव पडलं ते बढतीमुळे. जुना फोरमन निवृत्त झाला तेव्हा सेवाज्येष्ठतेने याचाच नंबर होता. साहेबांनी बोलावलं, खुर्चीत बसवलं, हसून आदेश पुढे सरकवला. हा म्हणाला, "नको, साहेब." साहेबांना वाटलं, थोडे आढेवेढे घेतोय. पण हा अडूनच बसला. घरची अडचण आहे, यापलीकडे शब्द नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या पंपहाउसची जागा निघाली, तेव्हाही तेच. तिसऱ्या वर्षीही तेच झालं तेव्हा साहेबांनी नियमावर बोट ठेवून त्याचं नाव बढतीच्या यादीतून कायमचं काढून टाकलं. फोरमन झाला तो त्याच्याच हाताखाली पाना धरायला शिकलेला माणूस. स्वभावाने चांगला होता बिचारा, काका म्हणायचा. पण काकांना पाळी लावून देताना नजर वर उचलायचा नाही.

घरची अडचण म्हणजे घरची मुलगी. ती फार्मसीच्या कॉलेजात लागली होती, आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलांची फी सरकार भरत होतं. याचा पगार त्या मर्यादेच्या जेमतेम आत होता. बढती घेतली असती तर पगार वाढला असता चिमूटभर आणि फी अंगावर आली असती पोतंभर. हिशेब सरळ होता.

योजना आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? गरिबाचं लेकरू शिकावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कॉलेजचे संस्थाचालक काही दुधखुळे नव्हते. पैसे सरकारी तिजोरीतून येणार म्हटल्यावर ते दरवर्षी फी वाढवत गेले. एका वर्षी प्रयोगशाळेसाठी, एका वर्षी इमारतीच्या रंगासाठी, एका वर्षी नुसतीच. आरडाओरडा करणार कोण? ज्यांची फी सरकार भरत होतं ते गप्प, आणि ज्यांच्याकडे रग्गड होतं त्यांना फरक पडत नव्हता. मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती ओलांडणं दर वर्षाला जास्त महाग होत गेलं. पहिल्यांदा नको म्हणताना त्याला वाटलं होतं, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी फीचा आकडा बघितला आणि पुन्हा नको म्हणाला.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं.

"अहो, निदान तिला तरी सांगा," ती म्हणायची. "लोक काय काय बोलतात. तिच्या कानावर जात असेल."

"सांगून काय करू? पुस्तक उघडलं की तिला बापाची बढती आठवायची. तिच्या डोक्यावर ओझं कशाला?"

"आणि तुमच्या डोक्यावर?"

"माझं काय, रिकामंच आहे. भरपूर मावेल."

यावर ती हसायची आणि विषय तिथेच राहायचा. तो तिथेच राहू द्यायला नको होता, असं ती आता म्हणते.

मुलीच्या कानावर जात होतंच. तिच्या एका मैत्रिणीचे वडील त्याच खात्यात होते. "तुझे बाबा बढतीला घाबरतात का गं?" असं त्या मैत्रिणीने भर वर्गात विचारलं होतं. मुलीने घरी येऊन ते सांगितलं नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, फोरमनचं काम फार अवघड असतं का?"

"असतं तर काय," बाबा म्हणाले. "उगाच डोक्याला ताप. आपल्याला नाही झेपत असलं."

खोटं किती सहज तोंडातून निघून गेलं, हे आठवलं की आज त्याचा जीव तुटतो.

मुलीच्या शेवटच्या वर्षाला सरकारने सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले. पंपहाउसमध्ये लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि नकोबा कपाळाला हात लावून बसला होता. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं होतं. तो तडक कार्यालयात गेला.

"ही वाढ मला नको," तो कारकुनाला म्हणाला.

कारकुनाने चष्मा काढला. "काय नको?"

"पगारवाढ. मी लिहून देतो."

"दादा, वाढ कमी पडली म्हणून भांडायला रोज लोक येतात. नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बढती नाकारता येते. पगारवाढ नाकारायची सोय सरकारने अजून केलेली नाही."

आजूबाजूची टेबलं हसली. तोही हसला, कारण तिथे रडणं बरं दिसलं नसतं. सरकारने एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं होतं, आणि बढती तर मधल्यामध्ये फुकटच गेली होती. शेवटच्या वर्षाची पूर्ण फी त्याने पतपेढीचं कर्ज काढून भरली.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीने कॉलेजात येऊन तिची निवडही केली. मग एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, तिने सहज सांगितलं, "मला एक अख्खा विभाग सांभाळशील का विचारत होते. वर्षभर शिकवणार, मग हाताखाली माणसं देणार. मी नको म्हटलं. पाकिटं तपासायचं काम घेतलं."

त्याने कप खाली ठेवला. "का गं?"

"एवढी माणसं, एवढी जबाबदारी. मला नाही झेपणार." मग ती हसली, अगदी प्रेमाने. "तुमच्यावरच गेलेय, बाबा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने सांगितलं, पण धड सलगही सांगता येईना. फीचं आधी, बढतीचं नंतर, मध्येच साहेबांचं. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्हाला जमलं असतं?"

"डोळे झाकून."

"मग मला सांगायचं होतं ना, बाबा. मी इतकी वर्षं धरूनच चालले होते की आपल्या घरात कुणाला पुढे होणं जमत नाही. वर्गात उत्तर येत असायचं, तरी मी हात वर करायची नाही."

पोरगी शिकते ती कॉलेजात, अशा समजुतीत तो राहिला. घरात आपल्याकडे बघून ती काय शिकतेय, इकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

सोमवारी तिने कंपनीत फोन केला. त्या जागेवर तिच्याच वर्गातली एक मुलगी घेतली होती. मार्कांत ती हिच्या बरीच मागे होती. पण विचारल्यावर ती हो म्हणाली होती.