बाबांचा बनवलेला आशीर्वाद

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा दादाचा पुण्याहून फोन आला. हॉलमध्ये मोठा स्क्रीन लावणार होते आणि त्यावर त्याला बाबा हवे होते. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

"नुसता फोटो नको, तो सगळेच लावतात," दादा म्हणाला. "आता एआयनं फोटोचा व्हिडिओ होतो ना? तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तुला जमेल. बाबा सगळ्यांना आशीर्वाद देतायत असं कर."

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"हो गं, सगळ्यांना."

माझ्या लग्नानंतर बाबा माझ्याशी बोलले नव्हते. नवरा आमच्या जातीतला नाही, एवढंच कारण. रजिस्टर लग्न करून आम्ही पेढे घेऊन घरी गेलो, तर दारात उभे राहून मला म्हणाले, "तू ये. तो नको." आम्ही दोघंही जिन्यावरूनच परतलो. पुढे आयर्लंडला आलो, मुलगी झाली, आई येऊन राहून गेली, बाबा कधी फोनवरसुद्धा आले नाहीत. शेवटच्या आजारपणात मी हॉस्पिटलात त्यांच्या कॉटशी जाऊन बसले, तेव्हा त्यांनी कूस बदलली.

तरीही मी दादाला हो म्हटलं. आधी वेगवेगळ्या फोटोंतून माणसं उचलून एक कुटुंबाचा फोटो जुळवला. मधे बाबा, हात पाठीमागे बांधलेले, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. एका बाजूला आई, दादा, वहिनी, पुतणी. दुसऱ्या बाजूला मी, नवरा आणि आमची लेक. असा फोटो आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

इथल्या सँट्री भागातल्या ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्याच सवयीनं मी तीन टूल्स घेतली आणि तिन्हींनाही तोच फोटो, तीच सूचना दिली: वडील हात उचलून सगळ्यांना आशीर्वाद देतात.

पहिल्यानं बाबांना फक्त पापण्या मिटायला लावलं. ओठ थरथरले आणि चष्म्याची काडी गालात विरघळून गेली. दुसऱ्यानं त्यांना हसवलं. पांढरेशुभ्र, एकसारखे दात दाखवत बाबा हसले. बाबा तंबाखू खायचे, दात काळपट झालेले, फोटो काढताना तर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. तो हसरा माणूस बघून मला शिसारी आली.

तिसरं टूल चांगलं होतं. त्यातले बाबा अगदी हळू हलले, खरे म्हातारे हलतात तसे. पाठीमागचा हात पुढे आला आणि पुतणीच्या डोक्यावर टेकला. मग माझ्या डोक्यावर. मग तोच हात पुढे सरकून नवऱ्याच्या खांद्यावर थांबला. मी 'सगळ्यांना' लिहिलं होतं. त्या टूलनं ते शब्दशः घेतलं.

हात मात्र बाबांचा नव्हता. कारखान्यात मशीनमध्ये सापडून त्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलेलं. तेच अर्धं बोट रोखून ते आम्हाला गप्प बसवायचे. फोटोत हात मागे असल्यामुळे टूलला ते कळायचं कारण नव्हतं. मी सूचनेत बोटाचं लिहिलं, तर त्यानं एकदा सहा बोटं दिली, एकदा मूठच वळवून दिली. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पूर्णच राहू दे गं. शुभकार्यात अर्धं बोट कशाला?"

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या डेस्कवरच्या आयरिश बाईनं माझ्या खांद्यावरून ते बघितलं. "किती प्रेमळ दिसतात गं तुझे वडील!" ती म्हणाली. मी थँक्यू म्हटलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याला दाखवलं. तो चहासाठी प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढत होता, तसाच कप हातात धरून उभा राहिला.

"माझ्या खांद्यावर हात ठेवतायत?" तो हसला. "काय पण!" मग म्हणाला, "परत लाव."

मी परत लावलं. दुसऱ्या दिवशी मला कळलं, त्यानं तो व्हिडिओ नागपूरला आपल्या आईला पाठवला होता.

आमची रेसिडन्स कार्डं नूतनीकरणात अडकली होती, त्यामुळे लग्नाला जाता आलं नाही. शनिवारी सकाळी सिटीवेस्टच्या आमच्या घरात टीव्हीवर लाइव्ह लावून, पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही तिघं बसलो. मंगलाष्टकं झाली आणि थोड्या वेळानं स्क्रीनवर बाबा आले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. हात पुतणीच्या डोक्यावर गेला, मग माझ्या, आणि तिथेच व्हिडिओ संपला. नवरा उभा होता ती चित्राची कड कापून टाकली होती. फोटोत लेक माझ्यापुढे उभी होती म्हणून ती राहिली. माझ्या दंडावर नवऱ्याची चार बोटं तेवढी उरली होती, कुणाची ते न कळणारी.

"व्हेअर्स डॅडी?" लेकीनं विचारलं.

नवरा उठला. "बिन्स बाहेर ठेवायचे राहिलेत," म्हणाला आणि जॅकेट न घालताच बाहेर गेला. त्या दिवशी कचरा न्यायला कुणी येणार नव्हतं.

मी दादाला फोन लावला. मागे सनईची रेकॉर्ड वाजत होती.

"अगं, समोर सगळी वडीलधारी मंडळी बसलेली," तो म्हणाला. "त्याच्या खांद्यावर हात? बाबांनी असं केलं असतं का कधी? लोकांना खरं वाटायला नको?"

"आणि माझ्या डोक्यावर ठेवला असता? अख्खं बोट चाललं तुला!"

"ते वेगळं. आज भांडू नकोस."

आईनं त्याच्या हातातून फोन घेतला. "रडू नकोस गं. तुझ्या डोक्यावर तरी ठेवला ना त्यांनी हात? तेवढं पदरात पाडून घे."

"आई, त्यांनी नाही ठेवला. मी टाइप केला तो."

"मग काय झालं?" आई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही ती तसं म्हणाली, मला अजून ठरवता येत नाही.

नंतर दिवसभर मेसेज येत राहिले. इतकी वर्षं ज्यांनी मला ओळख दाखवली नव्हती त्या आत्या, काक्या हात जोडून लिहीत होत्या. 'शेवटी माफ केलं हो तुला त्यांनी.' मी गुन्हा काय केला होता, ते कुणी लिहिलं नव्हतं. बाबांनी राग धरला तो शेवटपर्यंत धरला, मीही धरला. आमच्या दोघांमध्ये खरं असं तेवढंच उरलं होतं. तेही या लोकांनी पाच-सात सेकंदांत मिटवून टाकलं, आणि ते सेकंद मीच त्यांना बनवून दिले होते.

दादाशी मी त्यानंतर बोललेले नाही. आई मधल्यामधे निरोप पोचवते.

पुढच्या आठवड्यात नागपूरहून सासूबाईंचा फोन आला. नवरा सिंकपाशी भांडी विसळत होता, फोन स्पीकरवर होता.

"लग्नात दाखवला का गं तो व्हिडिओ?" त्यांनी विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नळ बंद केला नाही, मान वर केली नाही.

"हो, दाखवला," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या. "चार लोकांनी बघितलं ना, माझ्या पोराला जावई मानलं ते."