थप्पीच्या आत

धम्मदिना हळू बोलते. कामतघरच्या वस्तीत हे नवलाचं आहे, कारण इथे भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू असतात आणि माणसं जन्मापासून मोठ्याने बोलायला शिकतात. तिचे वडील धम्मपाल यांनी अडतीस वर्षं लूमवर काढली. ते घरी मीठ मागायचे तेही ओरडूनच. धम्मदिनाचं बोलणं ऐकायचं तर माणसाला थोडं पुढे वाकावं लागतं.

बी.कॉम. झाल्यावर ती केसरीनाथ शेठकडे लागली, त्याला यंदा चौदा वर्षं झाली. शेठ मूळचा पूर्णा गावचा. वाडवडिलांची भातशेती त्याने गोडाऊनवाल्यांना विकली, पुढे दोन वर्षांत तिथला भाव सहापट झाला. हाती आलेल्या पैशांतून त्याने जस्ताचा व्यापार सुरू केला. बंदरातून घाऊक माल आणायचा आणि तारा, पाइप, खांब यांवर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांना विकायचा. माल ठेवायला त्याने पूर्ण्यात जागा भाड्याने घेतली, ती नेमकी त्याच्याच जुन्या शेतावर उभी राहिलेली. जमिनीबद्दल तो कधी बोलत नसे. मात्र विकलेल्या वस्तूचा भाव चढलेला त्याला बघवत नसे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

जस्त आणून विकेपर्यंत दीड-दोन महिने जातात. तेवढ्यात भाव पडला तर वर्षाची कमाई जाते. एका वर्षी ती तशी गेलीही. त्यानंतर धम्मदिना ठाण्याला चार दिवसांचं शिक्षण घेऊन आली आणि तिने शेठला वायदा समजावला, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आजच ठरवलेल्या भावाने सौदा. गोडाऊनमध्ये चाळीस टन माल असेल, तर बाजारात चाळीस टनांचा वायदा विकून ठेवायचा. भाव पडला तर मालात जेवढं गेलं तेवढं वायद्यात मिळतं. भाव चढला तर वायद्यात गेलेलं माल भरून देतो. माल विकला गेला की तेवढाच वायदा परत विकत घेऊन मोकळं व्हायचं.

शेठने सगळं ऐकून विचारलं, मग हातात काय राहतं?

"झोप," धम्मदिना म्हणाली.

शेठ हसला होता. दलालाला फोन करायचा अधिकार त्याने तिला दिला आणि काही वर्षं खरोखरच झोप लागली.

दर शनिवारी ती रिक्षाने पूर्ण्याला जायची. वायदा आणि माल जुळतात का, ते मोजायला. गोडाऊन सांभाळणारा लडकू शेठच्या भावकीतला, साठीचा. त्याचंही शेत त्याच फरशीखाली गेलेलं. जस्ताच्या विटा पट्टीने बांधून एकेक टनाचं बंडल केलेलं असतं. ती बंडलं एकावर एक दोन, अशी रचलेली. समोर तीन, बाजूला सात, उंचीला दोन. बेचाळीस. वरून ताडपत्री, कारण पाणी लागलं की जस्ताला पांढरा गंज चढतो. धम्मदिना समोरची मोजायची, बाजूची मोजायची, गुणाकार करायची. लडकूला ही मोजणी कशासाठी ते कळत नव्हतं, म्हणून एकदा तिने सांगितलं की माल म्हणजे माणूस आणि वायदा म्हणजे त्याची सावली. माणूस हलला की सावली हलली पाहिजे.

लडकूने तंबाखू मळत विचार केला. "आन मानूस न्हाय, नुसती सावली परली, त?"

"तसं होऊ द्यायचं नाही, काका. म्हणून तर येते."

"त्याला आमच्यात भूत बोलतान," लडकू म्हणाला.

फेब्रुवारीत तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. कळव्याच्या हॉस्पिटलात तीन आठवडे राहायचं होतं. बँकेने मालावर कर्ज दिलेलं असल्यामुळे दर महिन्याला किती माल आहे याचं पत्रक जातं आणि त्यावर मोजणाऱ्याची, म्हणजे धम्मदिनाची सही असते. जाताना शेठने तीन कोरी पत्रकं पुढे केली. एक लागेल, दोन चुकलंमाकलं तर. रिक्षा खाली उभी होती. तिने सह्या केल्या.

ती गेली त्याच आठवड्यात जस्त चढायला लागलं होतं, ती परत आली तेव्हाही थांबलं नव्हतं. रोज दोन रुपये, तीन रुपये. गिऱ्हाइकं थांबली, भाव उतरू दे म्हणाली. माल पडून राहिला. मालातला नफा माल विकल्यावरच दिसतो, वायद्यातलं नुकसान मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी रोख भरावं लागतं. किलोमागे एक रुपया चढला की बेचाळीस हजार. ते कुठून येतात असं तिने एकदा विचारलं. शेठ म्हणाला, येतात. तो आता पंख्याखाली बसूनही घामेजलेला असे आणि बोलता बोलता मोबाइल उलटा करून ठेवी.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती गोडाऊनला गेली. सकाळचे अकरा वाजले होते. समोर तीन, बाजूला सात, उंचीला दोन. तिने वहीत बेचाळीस लिहिलं आणि पिलांचा आवाज ऐकला.

मांजराची पिलं, बारीक, एकापाठोपाठ एक. ती थप्पीच्या मागे गेली. तिथे काही नव्हतं. पुढे आली. आवाज थप्पीच्या आतून येत होता. दोन बंडलांच्या मध्ये चार बोटांची फट असते, त्यातून मांजर अंग चोरून जाऊ शकेल. पण आत जाऊन विणार कुठे? आत जस्त असायला हवं.

"पाठच्या गोडाऊनला हायेत ती," लडकू दुरूनच म्हणाला. तो जवळ आला नाही.

धम्मदिनाने ताडपत्रीची दोरी सोडली. हात आत घातला. बोटांना गार धातूऐवजी लाकूड लागलं. ताडपत्रीला झोळ पडू नये म्हणून आडव्या फळ्या टाकलेल्या होत्या. तिने एक फळी सरकवली. समोरची, मागची आणि दोन्ही बाजूंची ओळ जागेवर होती. मधली दहा बंडलं, पाच जोड्या, नव्हती. खाली फरशीवर गोणपाट होतं आणि त्यावर राखाडी मांजर चार पिलांना घेऊन पडलं होतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

लडकू उकिडवा बसला. शेठने ट्रक पाठवला, नाशकाकडचा व्यापारी होता, रोख दिले. वायद्याचे पैसे भरायला शेठकडे दुसरं काही उरलं नव्हतं. फळ्या टाकायला शेठनेच सांगितलं. एवढं तुटक तुटक सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तू तीन आठवरे नव्हतीस, पोरी."

ती तिथूनच तडक ऑफिसला आली. सावलीला पोसायला माणूस विकला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मालाच्या दहा टनांवर जो वायदा उभा होता, त्याच्यामागे आता काहीच नव्हतं. भाव चढेल तसं ते नुकसान कुणीच भरून देणार नव्हतं. सोमवारी बाजार उघडताच दहा टनांचा वायदा परत घ्यायला हवा, आणि पत्रकात बत्तीस लिहायला हवं, असं तिने शेठला सांगितलं. नेहमीसारखं हळू. शेठ ऐकायला पुढे वाकला नाही.

तो म्हणाला की आत्ता सोडवलं तर गेलेले पैसे गेलेच. भाव उतरेल. उतरला की माल परत भरू, कुणाला कळणारही नाही. विकून झाल्यावर भाव चढताना त्याने आयुष्यात एकदा पाहिलं होतं, पुन्हा बघणार नव्हता. तोवर बेचाळीस लिही.

"मी बत्तीस लिहीन, शेठ."

"नको लिहू, बाय." शेठने टेबलाच्या खणावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. "तुझ्या दोन सह्या हायेत माझ्याकडं."

सोमवारी सकाळी तिने दलालाला फोन केला. तिचं नाव अधिकारातून काढल्याचं पत्र शनिवारीच पोहोचलं होतं. मग तिने एका कागदावर स्वतःच्या अक्षरात बत्तीस टन लिहिलं, थप्पीतली कुठली बंडलं गेली ते लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पडघ्याला बँकेत गेली.

काउंटरवरच्या क्लार्कने फाइल काढली. शेठचं बेचाळीस टनांचं पत्रक तिच्या आधी पोहोचलं होतं. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"सही सेम आहे मॅडम. दोन्ही तुमच्याच?"

"हो."

"मग आम्ही धरायचं काय?"

कुणाला तरी आजच गोडाऊनला पाठवा, ताडपत्री काढून बघा, नुसतं बाहेरून मोजू नका, असं तिने सांगितलं. क्लार्क म्हणाला, तपासणीवाले साहेब गुरुवारी येतात. तिने दोनदा विनंती केली. त्याने तिच्या कागदाच्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारून दिला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

बाहेर हायवेवर पूर्ण्याकडून रिकामे ट्रक येत होते, काही ताडपत्री बांधलेलेही. तिने मोबाइल काढून भाव पाहिला. सकाळपासून साडेतीन रुपये चढला होता. सवयीने ती गुणाकार करायला लागली आणि मध्येच थांबली. गोडाऊनमध्ये आता किती बंडलं उरली असतील, ते तिला सांगता येत नव्हतं.