चंद्रीच्या वासरांचे कान

नाताळच्या सुट्टीत मी वर्ध्याकडे निघाले आहे हे कळल्यावर आमच्या मुख्याध्यापिकाबाई माझ्या डाव्या हाताला उभ्या राहून काहीतरी बोलल्या आणि सगळ्या शिक्षिका हसल्या. मीही हसले. माझा डावा कान लहानपणापासून कामातून गेलेला आहे, हे पुण्याच्या त्या शाळेत मी कुणालाच कळू दिलं नव्हतं. न ऐकलेल्या विनोदांवर वेळेवर हसायची मला चांगली सवय होती. मागाहून समजलं, बाई म्हणाल्या होत्या, "वासरांचे कान बघायला एवढा प्रवास!" मग तर मी हट्टानं तिकीट काढलं.

निमित्त सुमनच्या पत्राचं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, लग्नानंतर आर्वी तालुक्यात रोहण्याला राहते. तिनं लिहिलं होतं, "शेजारच्या यमुनाबाई गवळणीची चंद्री नावाची गाय विकायला काढली आहे. तिची दोन वासरं हाकेला येत नाहीत, म्हणून गाय वाईट ठरली. कानाचा धडा तुम्हीच शिकवला होता, आता या."

वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. पुलगावला मोठी गाडी सोडून मी आर्वीच्या छोट्या गाडीत बसले. तिची चाल अशी, की एक गृहस्थ खाली उतरून तुरीच्या शेंगा तोडून पुन्हा डब्यात चढले आणि मूठभर मलाही दिल्या. इंजिनाची ठिणगी उडून माझ्या नव्या पातळाला भोक पडलं. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर कापसानं भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) जिनिंगकडे (सरकी काढायच्या गिरणीकडे) चालल्या होत्या.

सुमननं पानगे केले होते. पळसाच्या पानांत कणकेचे गोळे गुंडाळून ते गोवऱ्यांवर भाजतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या रश्श्याबरोबर खातात. चार खाल्ल्यावर मी थांबले, तर ती म्हणाली, "बाई, तब्येत बरी नाही का?"

संध्याकाळी यमुनाबाईंकडे गेलो. धारेची वेळ होती. सगळी लहानमोठी वासरं एका कुडात (काट्यांच्या कोंडवाड्यात) कोंडलेली. बाई दाराशी उभ्या राहून एकेकाचं नाव घेत, "ये बिजले!" म्हटलं की गर्दीतून बिजली तेवढी बाहेर येई आणि बाईंपाशी उभी राही. बाकीची जागची हलत नसत. मी बघतच राहिले. माझ्या वर्गातल्या मुली एवढ्या शहाण्या नाहीत.

"ये मैने!" कुणीच आलं नाही. चंद्री मान वळवून हंबरत होती आणि तिची वर्षाची मैना कुडात निवांत उभी होती.

यमुनाबाईंचे जेठ (थोरले दीर) महादेवभाऊ खाटेवर बसले होते. घरात त्यांचा शब्द चाले. "पाह्यलं?" ते म्हणाले. "नावाले येत नाई ते ढोर रानात वाघाच्या तोंडी जाते. मैनीच्या पाठचा राजाही तसाच. गायच खोटी हाय. परवा बाजारात नेतो तिघाईले."

यमुनाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "बिजलीबी तिचीच हाय नं."

मी विचारलं तेव्हा उलगडा झाला. थोरली बिजली दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गावातच जन्मली. पुढे, खायला सरकी मिळते म्हणून, दर हिवाळ्यात चंद्रीला दिवसभर जिनिंगच्या आवारात बांधू लागले. मैना आणि राजा तिथेच, इंजिनघराच्या भिंतीला लागून जन्मले.

सकाळी तिथे गेले. इंजिनाचा आवाज छातीत बसत होता. भिंतीशी चंद्री आणि तिचा दीड महिन्याचा राजा बांधलेले. मला माझं बालपण आठवलं: तांबटांच्या आळीतलं घर, डाव्या भिंतीपलीकडे दिवसभर हातोडे, त्याच भिंतीला टांगलेला माझा पाळणा. पुढे शाळेत मास्तरांची हाक ऐकू आली नाही की छडी बसायची. 'मठ्ठ' हेच माझं नाव झालं होतं. तो राग एवढ्या वर्षांनी पुन्हा उफाळून आला.

चंद्रीला आणि राजाला घरी आणवलं आणि सगळ्यांसमोर मैनेच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मैनेनं झटकन मान फिरवली! महादेवभाऊ मांडीवर थाप मारून हसले. "आयकते तं! नुसती माजली हाय."

माझा चेहरा उतरला. मग लक्षात आलं, ऊन माझ्या पाठीवर होतं आणि माझी सावली वासराच्या पुढ्यात पडली होती.

"पुन्हा," मी म्हटलं. मध्ये बांबूचा तट्टा उभा केला आणि त्याआडून सुमननं पितळी परात बडवली. कुडातली सगळी वासरं दचकून उधळली. चंद्री कान टवकारून उभी राहिली. मैना आणि राजा रवंथ करत बसले होते.

"दोन वासरांवरून सिद्धान्त होत नाही," मी म्हणाले, "पण गायीचे कान तयार होते, ती तरली. यांचे कोवळे होते. दोष गायीचा नाही, तुम्ही निवडलेल्या जागेचा आहे."

महादेवभाऊंनी परात उचलून बाजूला ठेवली. "बरं, गाय राहू द्या," ते म्हणाले. "पण बहिरे ढोर कोण सांभाळन? ते दोघं जातीन."

तेव्हा यमुनाबाई अंगणाच्या मधोमध आल्या. जेठासमोर त्यांनी डोक्यावरचा पदर काढला आणि हात उंच करून तो मैनेपुढे हलवला. मैना उठली, सरळ चालत आली आणि पदर चाटू लागली.

"मी हिले वर्षभर पदरानंच बोलावून राह्यली, तुमच्या माघारी," त्या जेठांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. "आता तुमच्यासमोर बोलावीन. रानात मी सोता जाईन यायच्या संगं. बाजारात कोणीच जाणार नाई."

महादेवभाऊ खाली बघत उठले आणि त्यांनी राजाचा दोर सोडून त्याला चंद्रीपाशी नेऊन बांधलं.

परतीच्या गाडीत मी शेंगा सोलत त्या उघड्या डोक्याचाच विचार करत होते. त्या बाईनं अखेर वासराची खोड झाकली नाही, आपलं डोकंसुद्धा झाकलं नाही. मी मात्र इतकी वर्षं खोटं हसत आले होते.

शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई माझ्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलल्या. सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

"या कानानं मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "इकडे उजवीकडे या आणि पुन्हा सांगा."