गगनस्वाराचा हल्या

माझा हल्या राक्षसाने खाल्ला आणि त्यापायी माझा साळा भाऊबीजेच्या दिवशी न ओवाळताच घरून निघून गेला. हल्या म्हणजे रेडा. तो खरा नव्हता. राग मात्र अगदी खरा होता.

आमची मुलगी ऋतुजा नागपूरला नोकरी करते. दिवाळीला पवनीत आली ती एक खेळ घेऊन. जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ती गोष्ट सांगणार, आपण 'मी हे करतो' म्हणायचं आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवणार. मी शाळेत बाबू आहे. 'हे जमणार नाही' असं सांगण्यातच माझी उभी नोकरी सरली, त्यासाठी मला कधी फासा लागला नाही. म्हणून मी साफ नकार दिला. पण त्या पुस्तकात सरदारांची एक जात निघाली. गगनस्वार! उडत्या वाहनावर बसायचं आणि भाला रोखून ढगातून थेट शत्रूवर उतरायचं. मी विरघळलो. (वय बावन्न, कंबरेला पट्टा, स्कूटरवर बसतानाही कण्हतो. पण ढगातून उतरायला एका पायावर तयार.)

वाहन म्हणून पुस्तकात पंखांचे घोडे होते, गरुड होते. मी हल्या मागितला. ऋतुजा म्हणाली, असं चालत नाही.

"काहून नाही चालत?" मी म्हटलं, "पंख लावूनच द्यायचे आहेत, तं घोड्यालेच कायले?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मला हल्या मिळाला. त्याचं नाव मी सुलतान ठेवलं. धनत्रयोदशीपासून आम्ही दोघं हवेतच होतो. शेजारीण चौकशीला आली, तेव्हा माझी बायको सुनंदा तिला म्हणाली की हे घरीच आहेत, पण जमिनीवर नाहीत.

भाऊबीजेला सकाळी कोंढ्याहून प्रकाश आला. हा सुनंदाचा धाकटा भाऊ. तिच्या करंज्या तळून व्हायच्या होत्या, म्हणून तोही खेळायला बसला. त्याने चोराचं पात्र घेतलं. ते त्याला कसं शोभत होतं, यावर मी बोलणार नाही.

आमची टोळी एका पुलापाशी आली. पुलावर राक्षस बसलेला. काहीतरी खायला दिल्याशिवाय तो कोणाला सोडत नव्हता. मी भाला सरसावणार, तेवढ्यात सुनंदाने माळ्यावरचा डबा काढायला हाक मारली. गगनस्वार उठला, स्टुलावर चढला, डबा काढून परत आला. तोवर प्रकाशने राक्षसाला सांगून टाकलं होतं की हा हल्या घे आणि आम्हाला जाऊ दे. फासा टाकला, वीसपैकी वीस आले. राक्षसाने सुलतान खाल्ला. पंखांसकट.

मी म्हटलं, माझं जनावर तू कोणाला विचारून दिलंस? तो म्हणाला, तुम्ही नव्हते. मी म्हटलं, मी घरातच होतो, माळ्यावर. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, पूल तं पार झाला ना?"

या वाक्याने माझं डोकं फिरलं. ऋतुजाने मध्येच पुस्तकातून वाचून दाखवलं, की वाहन मेल्यावर गगनस्वार पायी चालतो.

"मंग चाला न पायी," प्रकाश म्हणाला. "पोट बी जरा उतरन."

पुढचं सगळं मी एका दमात बोललो. फवारणीचा पंप नेलास तो परत आणला नाहीस. माझ्या लग्नात बूट लपवलेस, त्यातला डावा अजून सापडला नाही. खाणाऱ्या राक्षसापेक्षा खाऊ घालणारा नालायक. प्रकाश उठला, पिशवी उचलली, मोटरसायकलला लाथ मारली आणि गेला.

सुनंदा ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती.

"माह्या भावाले तुम्ही एका हल्यापायी हाकललं?"

"सुलतानपायी," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं.

तिने ताट खाली ठेवलं आणि भाऊ परत आल्याशिवाय या घरात चूल पेटणार नाही, असं जाहीर केलं. ऋतुजाही तिच्याच बाजूला जाऊन उभी राहिली. मी स्कूटर काढली. कोंढ्यापर्यंत मनात भांडतच गेलो, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकलो.

तिकडे प्रकाशने घरी पोचल्यावर रागारागात आईला एवढंच सांगितलं होतं, की भाऊजीचा हल्या खाल्ला, त्याचा राग माझ्यावर काढून राहिले. आणि तो शेतावर, बांधीत धान पाहायला निघून गेला. आमच्या भागात जंगल जवळ. 'खाल्ला' म्हटल्यावर कोणी खाल्ला हे कोणी विचारत नाही. मी पोचलो तेव्हा सासऱ्यांच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला.

"जवाई, मन लहान नका करू. वाघापुढं कोनाचं चालते? जनावर गेलं, पन तुम्ही तं वाचले."

खरं सांगायला हवं होतं. पण सकाळपासून सुलतानबद्दल दोन शब्द बोलणारा हा पहिला माणूस होता. मी मान डोलावली. कोणीतरी विचारलं, मोठा होता काय? मी म्हटलं, फार मोठा. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात वनरक्षक आला. कोणीतरी त्याला फोन केला होता. बहिणीकडून निघाला असावा, कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. हल्या कुठे मारला, त्याने विचारलं. पुलावर, मी म्हटलं. कोणत्या पुलावर? मी आठवू लागलो. आणि नेमका तेव्हाच प्रकाश बांधीतून परत आला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. फासा, राक्षस, पंख, एकूण एक.

वनरक्षक हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. माझ्यापेक्षाही जास्त रागावलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"मी बहिणीच्या ताटावरून उठून आलो," तो म्हणाला. मग दात खाऊन त्याने विचारलं, "पंख होते ना त्याले? मंग उडून काहून नाही गेला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सांगा न भाऊजी," प्रकाश म्हणाला.

सांगावं लागलं. माळ्याकडे जाण्याआधी मी हल्याला पुलाच्या कठड्याला बांधून ठेवलं होतं. प्रकाशचं पात्र चोराचं. तो माझा सुलतान पळवेल, अशी मला धास्ती होती. गाठ पक्की बसावी म्हणून मी फासासुद्धा टाकला होता, आणि ती चांगलीच पक्की बसली होती.

वनरक्षक तडक निघून गेला. प्रकाश हसून हसून तुळशीवृंदावनापाशी खाली बसला, आणि बऱ्याच वेळाने उठून माझ्या स्कूटरवर मागे बसला. दुपारी सुनंदाने त्याला ओवाळलं. करंज्या गार झाल्या होत्या, तरी त्याने पोटभर खाल्ल्या.

माझा राग अजून गेलेला नाही. तो नेमका कोणावर आहे, एवढं मात्र मी हल्ली कोणाला सांगत नाही.